नावाचे ऋण

कार्ल्याच्या, जुन्नरच्या किंवा नाशिकच्या लेण्यांत जे शिलालेख आहेत, त्यांत माणसांची नावे पुष्कळ आढळतात. कोणा व्यापाऱ्याने खांब दिला, कोणा भिक्षुणीने काही दान केले, कोणा राजाने भिक्षूंच्या योगक्षेमासाठी गाव लावून दिले, ही सारी नोंद आज दोन हजार वर्षांनंतरही जाणकारांना वाचता येते. तेथे सहसा सापडत नाही ते एकच नाव: ज्याने छिन्नी हातात धरून तो खांब घडवला त्याचे. देणाऱ्याचे नाव दगडात राहिले, कोरणाऱ्याचे राहिले नाही. याला अपवाद फार थोडे. कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात एका मूर्तीपाशी लेख आहे, की कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. त्याने आपले नाव लिहिले आणि आपल्याआधी गुरूचे लिहिले. एवढ्या मोठ्या सह्याद्रीत असा एखादाच बलक!

या अनामिकतेचे आपल्याकडे कौतुक फार. आमच्या कलावंताला नावाची हाव नव्हती, त्याने काम केले, ते देवाला वाहिले आणि तो निघून गेला, असे सभासंमेलनांतून वक्ते हटकून सांगतात. ऐकणाऱ्यांनाही ते बरे वाटते. गीतेतल्या फलत्यागाचा आधार हाताशी असतोच. मग आजचा लेखक मुखपृष्ठावरच्या नावासाठी प्रकाशकाशी हुज्जत घालतो, नाटककार जाहिरातीतल्या अक्षरांची उंची मोजतो, हे सारे क्षुद्र वाटू लागते. परंतु याच महाराष्ट्रात संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात आपले नाव गुंफून ठेवले आहे. नामा, जनी, चोखा, तुका – एकाने म्हणून ते गाळले नाही. ज्यांनी संसारावर तुळशीपत्र ठेवले, त्यांनी नाव मात्र का ठेवून घेतले? त्यांना कीर्तीची हाव होती असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. मग ती नाममुद्रा कशासाठी?

केलेल्या कामावर आपले नाव असावे, ही इच्छा अहंकाराची की न्यायाची? या प्रश्नाचा निकाल पोथीत लागेल असे मला वाटत नाही. तो जेथे रोजच्या व्यवहारात, पैशाच्या आणि पोटाच्या संदर्भात सोडवावा लागला, अशा एका ठिकाणाकडे मी वाचकांना नेऊ इच्छितो. ते ठिकाण दूरचे आहे आणि वरवर पाहता तत्त्वज्ञानाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेची वार्षिक पारितोषिके, हे ते ठिकाण.

*

हॉलिवूडमध्ये १९३३ साली 'स्क्रीन रायटर्स गिल्ड' या नावाने लेखकांचा एक संघ उभा राहिला. पुढे १९५४ साली इतर लेखकसंघांशी मिळून त्याचे आजचे रूप झाले, ते 'रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका'. त्याची एक शाखा पूर्वेला न्यूयॉर्कमध्ये, दुसरी पश्चिमेला लॉस एंजेलिसमध्ये. १९४९ सालापासून हा संघ दरवर्षी उत्तम लिखाणाला पारितोषिके देत आला आहे. आरंभी केवळ चित्रपटांना, नंतर दूरचित्रवाणी आणि नभोवाणीला, आणि २००८ सालापासून व्हिडिओ गेमच्या लिखाणालाही. ऑस्करच्या बाहुलीपुढे या पारितोषिकांचा बोलबाला कमीच. नटनट्यांची गर्दी नाही, झगमगाट बेताचा. लेखकांनी लेखकांना दिलेली ही शाबासकी.

या पारितोषिकांना एक चमत्कारिक अट आहे. पटकथा कितीही उत्तम असो, ती या संघाच्या किंवा त्याच्या भगिनीसंघांच्या कराराखाली लिहिलेली नसेल, तर तिचा विचार व्हायचा नाही. यामुळे पुष्कळ चांगल्या कृती बाहेर राहतात, आणि हे पारितोषिक साहित्याचे की युनियनचे, असा टोमणा मारणारेही भेटतात. टोमणा अगदीच निराधार नाही. पण या अटीच्या मागे एक विचार आहे. हा संघ 'किती चांगले लिहिले?' हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारतो. त्याआधी तो 'कोणी लिहिले?' हे विचारतो.

'कोणी लिहिले' याचे उत्तर चित्रपटाच्या धंद्यात वाटते तितके सोपे नाही. एकाने कथा दिली, दुसऱ्याने पटकथा रचली, तिसऱ्याने ती मोडून नव्याने बांधली, चौथ्याने संवाद बदलले, आणि शेवटी निर्मात्याने आपल्या मेहुण्याचे नाव घालायला सांगितले! हॉलिवूडच्या सुरुवातीच्या काळात हे असेच चाले. पडद्यावर नाव कोणाचे यावे हे मालक ठरवी. लेखकांनी झगडून जे हक्क मिळवले, त्यांत हा एक फार मोलाचा: श्रेय कोणाचे, हे मालकाने ठरवायचे नाही, लेखकांच्या संघाने ठरवायचे.

त्याची रीत मोठी पाहण्यासारखी आहे. वाद निर्माण झाला की सर्व लेखकांचे सर्व खर्डे तीन जाणत्या लेखकांकडे जातात. खर्ड्यांवर नावे नसतात. 'लेखक अ', 'लेखक ब' अशी नुसती अक्षरे असतात. वाचणारे तिघे कोण, हे वादींना कळत नाही. परस्परांशीही सल्लामसलत न करता ते आधी आपापले मत बनवतात. मूळ कथेची पटकथा असेल तर मागाहून आलेल्या लेखकाला नाव मिळवण्यासाठी निम्म्याइतके काम आपले आहे असे दिसावे लागते. दुसऱ्या पुस्तकावरून केलेली असेल तर एक तृतीयांशाहून अधिक. इंग्रजीत 'आणि' दोन तऱ्हांनी लिहितात, एक पुरा शब्द आणि एक वेटोळ्याची खूण. त्यांतही या मंडळींनी अर्थ भरला आहे. दोन नावांमध्ये वेटोळे असेल तर त्या दोघांनी एकत्र बसून लिहिले असे समजावे. पुरा शब्द असेल तर एकाने लिहिले आणि नंतर दुसऱ्याने त्यात फेरफार केले असे. प्रेक्षागृहात हे कोणाच्या ध्यानातही येत नसेल. पण लिहिणाऱ्याला कळते, की आपल्या कामाची नोंद एका अक्षराइतकी का होईना, बरोबर झाली आहे.

माझ्यासारख्या शाळामास्तराला ही रीत ओळखीची वाटते. दोन मुलांच्या वह्यांत एकच निबंध आला, की गुण द्यायच्या आधी मास्तर दोन्ही वह्या शेजारी ठेवतो. निबंध किती चांगला हा प्रश्न तेवढ्यापुरता थांबतो. खोट्या मालकाला दिलेले दहापैकी नऊ गुण खऱ्या लेखकाचे नऊ गुण काढून घेतात, आणि उरलेल्या वर्गाला जो धडा मिळतो तो निराळाच.

येथे सन्मान आणि श्रेय या दोन शब्दांतला भेद ध्यानी घेतला पाहिजे. आपण ते एकाच अर्थाने वापरतो. सन्मान हे देणे ऐच्छिक आहे. माझी कादंबरी कोणाला आवडली नाही तर त्याने ती गौरवावी, असा माझा कोणावर हक्क पोहोचत नाही. पण ती मी लिहिली असेल, तर ती मी लिहिली एवढे मान्य करणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सन्मान हे दान आहे. श्रेय हे ऋण आहे. दान न दिल्याने कोणी चोर ठरत नाही. ऋण बुडवल्याने ठरतो.

*

हा भेद पुस्तकी नाही, याचा दाखला याच संघाच्या इतिहासात आहे, आणि तो त्या संघाला भूषणावह नाही.

१९४७ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका समितीने हॉलिवूडमधल्या कम्युनिस्टांचा शोध सुरू केला. तुम्ही कम्युनिस्ट पक्षाचे सभासद आहात का, होता का, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे दहा जणांनी नाकारले. विचारांचा जाब विचारण्याचा अधिकार सरकारला नाही, असे त्यांचे म्हणणे. दहांपैकी बहुतेक लेखक होते. अवमानाच्या आरोपाखाली ते तुरुंगात गेले आणि चित्रपट कंपन्यांनी त्यांना कामावरून दूर केले. पुढे शेकडो माणसे या काळ्या यादीत गेली. आणि १९५२ साली लेखकांच्या संघाने कंपन्यांशी करार करताना एक गोष्ट कबूल केली: समितीपुढे स्वतःला निर्दोष ठरवून न घेणाऱ्या लेखकाचे नाव पडद्यावरून गाळण्याची कंपन्यांना मुभा. ज्या हक्कासाठी संघ जन्माला आला होता, तोच त्याने भयापोटी सोडून दिला.

त्या दहांत डाल्टन ट्रम्बो नावाचा एक लेखक होता. त्याने 'रोमन हॉलिडे'ची कथा रचली आणि ती इयन मॅक्लेलन हंटर या आपल्या लेखक मित्राच्या नावाने विकली. पैसे हंटरने ट्रम्बोच्या घरी पोहोचवले. १९५३ साली चित्रपट आला, जगभर गाजला. कथेचे ऑस्कर हंटरला मिळाले. लेखकसंघाचे उत्तम विनोदी पटकथेचे पारितोषिक हंटर आणि जॉन डायटन यांना मिळाले. ट्रम्बो तेव्हा मेक्सिकोत राहत होता.

हंटरने केले ते पाप की पुण्य? मित्राच्या मुलाबाळांच्या तोंडी घास पडावा म्हणून तो खोटे बोलला. त्यात त्याला स्वतःला धोका होता, आणि पुढे तोही काळ्या यादीत गेलाच. मला त्याला दोष देववत नाही. पण महाभारतकाराने धर्मराजाचा जो रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत होता, तो एका अर्धसत्यानंतर जमिनीला टेकवला, तेव्हा त्याला असे म्हणायचे नव्हते, की धर्मराज दुष्ट होता. असत्य कितीही कारणासाठी बोलले तरी त्याचे वजन बोलणाऱ्याला वाहावे लागते, एवढेच त्याला सांगायचे होते. आपण न लिहिलेल्या कथेची बाहुली घरात बाळगणे हे हंटरच्या वाट्याला आलेले वजन होते. अन्यायाची खोडच अशी असते. तो सज्जनांनाही खोटे बोलायला लावतो, आणि त्यांच्या सौजन्यावरच टिकून राहतो.

१९५७ साल तर या बाबतीत विलक्षणच. 'फ्रेंडली पर्सुएजन' हा चित्रपट आदल्या वर्षी आला होता. युद्धाच्या काळात शस्त्र न उचलण्याचा धर्म पाळणाऱ्या एका क्वेकर कुटुंबाची ती कथा. तिची पटकथा मायकेल विल्सनची. श्रेयाचा वाद निघाला, खर्डे संघाच्या लवादापुढे गेले आणि लवादाने पटकथेचे श्रेय विल्सनला दिले. पण विल्सनने १९५१ साली समितीपुढे उत्तर द्यायला नकार दिला होता. कंपनीने संघाच्याच त्या १९५२ च्या कबुलीवर बोट ठेवले आणि त्याचे नाव गाळले. पडद्यावर मूळ पुस्तकाच्या लेखिकेचे, जेसमिन वेस्टचे, नाव आले. पटकथा कोणाची, या जागी कोणाचेच नाव नाही. जणू पटकथा आपोआप उगवली! ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीने त्याच सुमारास नियम केला, की चौकशीला नकार देणारा पारितोषिकाला अपात्र. पटकथेला नामांकन मिळाले आणि लेखक अपात्र ठरला. आणि लेखकसंघाने? त्याने त्या वर्षीच्या उत्तम नाट्यमय पटकथेचे आपले पारितोषिक मायकेल विल्सनलाच दिले.

या घटनेचे दोन अर्थ लावता येतात. एक असा, की जे नाव करारात बाहेर काढले गेले ते सभासदांनी मतपेटीतून आत घेतले. भीतीने केलेली चूक त्यांनी आपल्या परीने धुतली, आणि तेवढ्यासाठी त्यांचे कौतुक करावे. दुसरा अर्थ कठोर आहे. ज्यांनी त्याचे ऋण बुडवायला परवानगी दिली, त्यांनीच त्याला दान दिले. घर गहाण टाकून घेणाऱ्याने त्याच घराच्या मालकाचा हारतुरे घालून सत्कार करावा, तसे हे झाले. मला वाटते, दोन्ही अर्थ खरे आहेत. मतदान करणाऱ्या लेखकांचे मन स्वच्छ होते यात शंका नाही. पण लाखो प्रेक्षकांनी तो चित्रपट पाहिला आणि तो कोणी लिहिला हे त्यांना कळले नाही. एका दालनातल्या टाळ्यांनी ते भरून येण्यासारखे नव्हते. १९८८ साली रेगन मॉस्कोला गेले तेव्हा त्यांनी गोर्बाचेव्हना याच चित्रपटाची भेट दिली. चित्रपट दोन महासत्तांमधल्या मैत्रीची खूण झाला, पण तो लिहिणाऱ्याचे नाव त्यावर अजून नव्हते. विल्सनला जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

त्याच १९५७ सालचा आणखी एक प्रकार. 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटाच्या कथेला ऑस्कर जाहीर झाले, लेखक रॉबर्ट रिच. रिच कोठे दिसेना. संघाच्या वतीने जेसी लास्की धाकटे व्यासपीठावर गेले आणि लेखकाची पत्नी प्रसूत होत असल्याने तो इस्पितळात आहे, असे सांगून त्यांनी बाहुली स्वीकारली. असा लेखकच नव्हता. ते निर्मात्यांच्या नात्यातल्या एका तरुणाचे नाव होते आणि कथा ट्रम्बोची होती. पुढल्या वर्षी 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेचे ऑस्कर मूळ कादंबरीकार पिअर बूल या फ्रेंच गृहस्थांना मिळाले. त्यांनी ती इंग्रजी पटकथा लिहिलीच नव्हती. ती विल्सन आणि कार्ल फोरमन या काळ्या यादीतल्या दोघांची होती. सारे गाव ज्याला ओळखते त्याला कोणी हाक मारायची नाही, असा हा खेळ. अखेर तो हास्यास्पद झाला म्हणूनच मोडला. १९६० साली 'एक्झोडस' आणि 'स्पार्टाकस' या दोन चित्रपटांवर ट्रम्बोचे नाव उघडपणे झळकले.

*

१९७० साली लेखकसंघाने ट्रम्बोला आपला सर्वोच्च 'लॉरेल' सन्मान दिला. त्या वेळी त्याने जे भाषण केले त्यावर तेथे अजून वाद होतो. त्या काळातले खलनायक आणि नायक शोधत बसू नका, असे त्याने तरुण लेखकांना सांगितले. त्या काळात कोणी कमी, कोणी अधिक, पण सारे बळीच झाले, असा त्याचा भावार्थ. त्याच्याबरोबर तुरुंगात गेलेला अल्बर्ट मॉल्ट्झ हे ऐकून संतापला. ज्याने मित्रांची नावे समितीला सांगितली तो आणि ज्याने ती सांगण्याऐवजी उपाशी राहणे पत्करले तो, हे दोघे एका पंक्तीला कसे बसवता, असा त्याचा सवाल.

या दोघांत मी कोणाची बाजू घेऊ? ट्रम्बोच्या बोलण्यात साधुत्व आहे, मॉल्ट्झच्या बोलण्यात न्याय आहे. क्षमा करण्याचा अधिकार ज्याने सोसले त्याचा असतो. ट्रम्बोने सोसले होते, म्हणून स्वतःपुरती क्षमा करण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता. मॉल्ट्झच्या वतीने करण्याचा नव्हता. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की माणसाला क्षमा करता येते, नोंदीला करता येत नाही. गुन्हेगाराला सोडून दिले तरी खोटा सातबारा खोटाच राहतो. तो दुरुस्त करावा लागतो.

संघाने ते काम उशिरा का होईना, हाती घेतले. १९९० नंतरच्या दशकात जुनी कागदपत्रे तपासून, हयात असलेल्यांना विचारून, एकेका चित्रपटाचे श्रेय दुरुस्त करण्यात आले. 'फ्रेंडली पर्सुएजन'वर विल्सनचे नाव आले. विल्सन आणि फोरमन यांना 'क्वाय'चे ऑस्कर १९८४ साली मिळाले, पण तोवर विल्सन हयात नव्हता आणि फोरमनही त्याच साली गेला. ट्रम्बोला 'ब्रेव्ह वन'ची बाहुली १९७५ साली मिळाली. पुढल्याच वर्षी तो वारला. 'रोमन हॉलिडे'चे ऑस्कर १९९३ साली त्याच्या विधवेच्या हाती पडले. आणि २०११ साली, चित्रपट येऊन अठ्ठावन्न वर्षे झाल्यावर, ट्रम्बो आणि हंटर या दोघांच्या मुलांच्या खटपटीने लेखकसंघाने 'रोमन हॉलिडे'च्या श्रेयनामावलीत डाल्टन ट्रम्बो हे नाव घातले.

मेलेल्या माणसाला नाव मिळून काय उपयोग? व्यवहारी माणूस हे विचारणारच. नाव म्हणजे नुसती कीर्ती असती, तर उपयोग शून्य. नाव म्हणजे नुसता पैसा असता, तरी फार थोडा. पण आपल्या पूर्वजांनी माणसाच्या डोक्यावर जन्मतःच जी तीन ऋणे सांगितली, त्यांत देवऋण आणि पितृऋण यांच्याबरोबर ऋषिऋणही आहे. ज्यांनी शब्द दिला, विद्या दिली, त्यांचे ऋण. ते ऋषी केव्हाच गेले. ऋण मात्र गेले नाही. ते फेडायचे ते ऋषींना सुख व्हावे म्हणून नव्हे, तर आपण कोणाचे घेतले हे आपण विसरू नये म्हणून. हंटरच्या मुलाला ट्रम्बोचे नाव घालावेसे वाटले यात या साऱ्या प्रकरणातले मला सर्वांत मोठे समाधान वाटते. बापाच्या डोक्यावरचे वजन मुलाने उतरवून ठेवले.

*

व्हिडिओ गेमला लेखनाचे पारितोषिक, हे ऐकून आमच्या पिढीचा वाचक थोडा हसेल. पण प्रश्न तोच, अधिक गुंतागुंतीचा. तेथे कथा एका ओळीत जात नाही. खेळणारा डावीकडे वळला तर एक प्रसंग, उजवीकडे वळला तर दुसरा, आणि दोन्ही कोणीतरी लिहिलेले. लिहिणारे अनेक. 'द लास्ट ऑफ अस' या खेळाला २०१४ साली संघाचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच कथेवरून केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेला २०२४ साली उत्तम नव्या मालिकेचे. म्हणजे खेळातले लिखाण हेही लिखाणच, याला आता दुजोरा नको. चित्रपटांच्या बाबतीतही अलीकडे एक पाऊल पुढे पडले आहे. ज्यांचे काम निम्म्याच्या किंवा तृतीयांशाच्या मापात बसत नाही, त्यांची नावे शेवटच्या नामावलीत 'पूरक लिखाण' अशा अर्थाच्या मथळ्याखाली देण्याचे संघाच्या सभासदांनी २०२१ साली मतदानाने मान्य केले. याने मुख्य श्रेय पातळ होईल, अशी काहींची तक्रार आहे. मला ती पटत नाही. मंदिराच्या पायात दगड घालणाऱ्याचे नाव लिहिल्याने कळसाची उंची कमी होत नाही.

आणि आता लिहिणारे यंत्रही आले आहे. २०२३ साली या लेखकांनी २ मेपासून १४८ दिवस संप केला. त्यांच्या मागण्यांत पैशाच्या बाबी होत्याच, पण यंत्राची बाबही होती. शेवटी करारात मान्य झाले, की यंत्र हे लेखक नव्हे. त्याने तयार केलेला मजकूर श्रेयाच्या हिशेबात धरायचा नाही. विरोधक म्हणतील, की हे पोटासाठी केलेले राजकारण आहे. पोटासाठी तर आहेच. परंतु त्यात एक खोल विचारही आहे, आणि तेथे मला संतांच्या नाममुद्रेचा अर्थ सापडतो.

'तुका म्हणे' याचा अर्थ 'बघा, मी किती सुंदर लिहिले' असा नाही. 'हे मी म्हणतो आहे. याचा जाब मला विचारा' असा आहे. आणि तो विचारला गेला. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. ज्याचे नाव होते त्यालाच ते सोसावे लागले. ट्रम्बो तुरुंगात गेला तोही नाव असलेला माणूस म्हणूनच. यंत्राला तुरुंगात टाकता येत नाही. त्याची वही बुडवली तर त्याला दुःख होत नाही. ते उपाशी राहत नाही आणि त्याच्या मुलाला बापाचे नाव पुसल्याची खंत वाटत नाही. म्हणून त्याच्या मजकुरावर नाव घालण्यात अर्थ नाही. शब्दामागे उभे राहण्याची ज्याची तयारी आणि पाळी आहे, नाव त्याचेच असू शकते.

*

हे सारे दूर अमेरिकेतले, असे मात्र समजू नये. १९७३ साली 'जंजीर' लागला तेव्हा पोस्टरवर लेखकांची नावे नव्हती. सलीम-जावेद या जोडीने माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर रंगाने आपली नावे उमटवून घेतली. त्या वेळी लोकांना ती उद्धटपणाची परिसीमा वाटली असेल. मला ती कोंडाण्याच्या बलकाची आठवण करून देते. मुंबईतल्या पटकथालेखकांच्या संघटनेनेही २०२० सालापासून आपली पारितोषिके सुरू केली आहेत, ही समाधानाची गोष्ट. तरीही 'दो आँखें बारह हाथ' कोणाचा, असे कोणालाही विचारा. उत्तर शांतारामबापूंचा असेच येईल, आणि ते चूक नाही. पण तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी, हे दहांतला एखादाच सांगेल. गदिमांची गाणी ज्यांच्या ओठांवर आहेत तेही ते सांगणार नाहीत.

मग लेण्यांतल्या अनाम कारागिरांचे काय? जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायांचे काय? त्यांनी नावाचा त्याग केला असे आपण म्हणतो. त्याग हा फार मोठा शब्द आहे, आणि मनुष्य त्याग करतो तो स्वतःच्या मालकीच्या वस्तूचा. नाव जिचे होते आणि जिने ते सोडले, ती वंदनीय. पण जिला नाव कोणी विचारलेच नाही, तिने त्याग केला असे म्हणणे म्हणजे आपल्या विसरभोळेपणाला तिच्या पुण्याची शाल पांघरणे होय. ज्या लेण्यात दान देणाऱ्या व्यापाऱ्याचे नाव कोरायला जागा मिळाली, तेथे कारागिराच्या नावापुरती जागा नव्हती, हे मला खरे वाटत नाही. त्याची छिन्नी तर त्याच्याच हातात होती. तिने काय कोरायचे ते दुसरे कोणी सांगत होते.

उत्तम कोण, याविषयी दहा माणसांची दहा मते होतील, आणि ती व्हावीत. पारितोषिके त्या मतभेदांतूनच निघतात. काही योग्य ठिकाणी जातात, काही चुकतात, आणि वीस वर्षांनी ती कोणाला आठवतही नाहीत. पण हे कोणी केले, या प्रश्नात मताला वाव नाही. त्याचे उत्तर शोधायला कधी तीन लवाद लागतील, कधी अठ्ठावन्न वर्षे लागतील. ते शोधण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी कोणाचा सत्कार करू नये.